पैसे लेन्सवर जास्त घालावेत की कॅमेरा बॉडीवर?

सावलीचित्र (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर असलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२०० मिलिमीटरच्या दोन किट लेन्स आहेत. मी प्रामुख्याने रंगमंचावरील नाटके आणि नृत्याचे कार्यक्रम टिपते. तिथे फ्लॅश वापरता येत नाही, प्रकाश क्षणोक्षणी बदलतो आणि माझी निम्म्याहून अधिक छायाचित्रे एकतर हललेली असतात किंवा इतकी दाणेदार, की ती कुणाला दाखवावीशी वाटत नाहीत.

पुरेसे पैसे साठले आहेत, परंतु ते एकाच गोष्टीला पुरतील. आत्ता फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्यावी, तिच्यावर सध्याच्या लेन्स वापराव्यात आणि चांगल्या लेन्सचे पुढे पाहावे, असा माझा विचार होता. मात्र ज्याला विचारावे तो ‘बॉडी येते आणि जाते, लेन्स मात्र टिकते’ हे एकच वाक्य ऐकवतो आणि त्यामागचे कारण विचारले की गप्प बसतो. कारणांसह कुणी सांगितले तर आभारी राहीन.

जुनीकाच

तुमच्या बेतातली एक अडचण आधी सांगतो. तुमच्या दोन्ही लेन्स क्रॉप सेन्सरसाठी घडवलेल्या असतील, तर त्यांनी पाडलेली प्रतिमा ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरला पुरत नाही. काही बॉडींवर त्या बसतच नाहीत, आणि ज्यांवर बसतात त्या सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी घेऊन तुमच्या हाती साधारण साडेदहा मेगापिक्सेलची चित्रे येतील आणि ज्या मोठ्या सेन्सरसाठी पैसे मोजले, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग रिकामा राहील.

आता प्रकाशाचा हिशेब. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या सुमारे सव्वादोन पट असते, त्यामुळे तेच अपर्चर (लेन्सचे उघडे तोंड) आणि तोच शटर स्पीड ठेवल्यास तुम्हाला एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक फायदा होतो. याउलट तुमची ५५-२०० लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ इतकीच उघडत असेल (हा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे). तिच्या जागी एफ/२.८ची झूम आली तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश मिळतो, आणि एफ/१.८ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) आली तर जवळपास दहापट. सेन्सर बदलून इतकी मजल गाठणे आजही शक्य नाही. माझे मत स्पष्ट आहे: लेन्स घ्या.

जाता जाता आणखी एक. एफ/२.८ची लांब झूम वजनाला दीड किलोच्या आसपास जाते, याचा विचार खांद्याने आधी करावा आणि पाकिटाने नंतर.

मंदप्रकाश

जुनीकाच यांचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष काढण्याची त्यांना थोडी घाई झाली असे वाटते.

‘लेन्स टिकते’ हा सल्ला फिल्मच्या काळातला आहे आणि त्या काळी तो शंभर टक्के खरा होता. तेव्हा बॉडी म्हणजे प्रकाश आत येऊ न देणारी पेटी, शटर आणि फार तर प्रकाशमापक. चित्राचा दाणा, रंग आणि संवेदनशीलता फिल्म ठरवत असे. साध्या बॉडीतही उत्तमोत्तम फिल्म घालता येई आणि रोल बदलला की जणू सेन्सर बदलला जाई. डिजिटल कॅमेऱ्यात ही ‘फिल्म’ बॉडीतच कायमची बसवलेली आहे. शिवाय फोकस कुठे धरायचा, डोळा कसा ओळखायचा, हलत्या व्यक्तीचा माग कसा घ्यायचा, हे सारे बॉडीतले संगणन ठरवते. म्हणून तो सल्ला जसाच्या तसा आज लागू करणे मला पटत नाही.

रंगमंचाच्या बाबतीत बॉडीच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे, तो आवाजाचा. नाटकातल्या शांत प्रसंगी डीएसएलआरचा आरसा खटकन वाजतो आणि पुढच्या तीन रांगा मागे वळून पाहतात. आरसा नसलेल्या मिररलेस बॉडीत इलेक्ट्रॉनिक शटरमुळे हा प्रश्न सुटतो. मात्र यातही एक मेख आहे. अनेक सामान्य सेन्सरांना संपूर्ण चौकट ओळीओळीने वाचायला सेकंदाचा १/१५ ते १/३० इतका वेळ लागतो. तेवढ्यात वेगाने फिरणारा हात वाकडा दिसू शकतो आणि एलईडी दिवे लुकलुकत असतील तर चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अतिशय वेगाने वाचणारे सेन्सर हा दोष बराच कमी करतात. सोनीने २०१७ मध्ये ए९ त्याच जोरावर आणला आणि निकॉनने २०२१ मध्ये झेड९ मधून यांत्रिक शटर काढूनच टाकले. पण अशा बॉडी सर्वात वरच्या वर्गातल्या असतात. मधल्या वर्गातली मिररलेस बॉडी केवळ ‘आवाज न करणारी’ म्हणून घेणार असाल, तर तुमच्या सभागृहातल्या दिव्यांखाली ती आधी तपासून पाहा.

बॉडीतल्या स्थिरीकरणाविषयीही सांगायला हवे, कारण विक्रेते त्यावर फार भर देतात. ते तुमच्या हाताचा कंप थोपवते, नर्तिकेची हालचाल नव्हे. म्हणून उत्तर देण्याआधी मला एक विचारायचे आहे: तुमची बिघडलेली छायाचित्रे नेमकी कशामुळे बिघडली आहेत? प्रत्येक फाइलमध्ये शटर स्पीड, अपर्चर, आयएसओ (संवेदनशीलता) आणि फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) यांची नोंद असते. ती पाहून सांगाल का?

छिद्रान्वेषी

वरच्या चर्चेत माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या बैठकीचा, विषय राहून गेला. लेन्स ‘टिकते’ ती तिचे माउंट टिकेपर्यंतच. निकॉनचे एफ माउंट १९५९ सालचे, आणि इतके दीर्घायुष्य लाभणे हा अपवाद आहे. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणले तेव्हा आधीच्या एफडी लेन्स नव्या बॉडींवर जशाच्या तशा बसेनात आणि ज्यांनी ‘आयुष्यभराची गुंतवणूक’ म्हणून त्या घेतल्या होत्या, त्यांची पंचाईत झाली. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी पुन्हा नवी माउंटे आणली.

तुमच्याकडे डीएसएलआर असल्याने याचा थेट परिणाम तुमच्या निवडीवर होतो. आरशाला जागा लागते, म्हणून एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असते. मिररलेसच्या झेड माउंटमध्ये ते केवळ १६ मिलिमीटर आहे. कॅननमध्ये हेच आकडे ४४ आणि २० आहेत. मधली पोकळी अडॅप्टरने भरून काढता येते, त्यामुळे डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर चालते. मिररलेसची लेन्स मात्र डीएसएलआरवर चालत नाही. आज घेतलेली डीएसएलआर लेन्स उद्या नव्या बॉडीवर नेता येईल, अट एवढीच की फोकसची मोटर लेन्समध्येच असावी. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असतात आणि एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, म्हणून झेड बॉडीवर त्या हाताने फोकस कराव्या लागतात. वापरलेली लेन्स घेणार असाल तर आतून विजेरी मारून बुरशीचे जाळे पाहून घ्या.

सावलीचित्र

मंदप्रकाश यांच्या सांगण्यावरून गेल्या चार कार्यक्रमांच्या फाइली तपासल्या आणि थोडी खजील झाले. बिघडलेल्या बहुतेक छायाचित्रांत शटर स्पीड १/६० किंवा त्याहून कमी, अपर्चर एफ/५.६ आणि आयएसओ ६४०० आहे. फोकस चुकल्याची उदाहरणे फारच थोडी. दुसरे आश्चर्य म्हणजे मी स्वतःला २०० मिलिमीटरवर काम करणारी समजत होते. प्रत्यक्षात माझी बरीचशी चित्रे ७० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यानची आहेत.

मंदप्रकाश

मग मी माझा आक्षेप तूर्त मागे घेतो. फोकस चुकत असता तर बॉडी घ्या म्हणालो असतो. इथे शटर स्पीड कमी पडतो आहे. तुम्हाला ती जड झूमसुद्धा लागणार नाही, ८५ मिलिमीटर एफ/१.८ची प्राइम पुरे. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलात की सव्वातीन स्टॉप हाती येतात. त्यांतले दोन शटरवर खर्च करून १/६० चे १/२५० करा आणि उरलेल्यातून आयएसओ ६४०० वरून २५०० वर आणा.

जुनीकाच

सहमत. मात्र एफ/१.८ वर फोकसमध्ये असलेला पट्टा किती अरुंद होतो ते लक्षात घ्या. क्रॉप सेन्सरवर, ८५ मिलिमीटरला, आठ मीटरवरच्या व्यक्तीसाठी तो जेमतेम ६० सेंटीमीटर भरतो. एकटी नर्तिका असेल तर हरकत नाही, पण दोघी पुढे-मागे उभ्या असतील तर एक धूसर होणारच. विकत घेण्याआधी एका कार्यक्रमापुरती भाड्याने किंवा उसनी घेऊन पाहा.

सावलीचित्र

एका परिचितांकडून ८५ मिलिमीटर एफ/१.८ची लेन्स उसनी घेऊन काल तालमीला गेले होते. हललेली चित्रे जवळजवळ नाहीशी झाली. समूहनृत्यात मात्र जुनीकाच म्हणाले तसेच झाले आणि मागच्या ओळीतले चेहरे गेले. तेव्हा तिथे एफ/२.८ आणि १/२५० ठेवले, पण आयएसओ पुन्हा ६४०० वर पोहोचला. चित्रे स्पष्ट आहेत, तरी दाणा आहेच. लेन्स घ्यायचे नक्की केले आहे. या दाण्यासाठी तरी पुढे बॉडी बदलावी लागेल ना?

छिद्रान्वेषी

तुम्ही रॉ फाइली (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) घेता की जेपेग?

सावलीचित्र

आजवर फक्त जेपेग.

छिद्रान्वेषी

मग बॉडीचा विचार थोडा थांबवा. जेपेग करताना कॅमेरा दाणा घासून काढतो आणि त्यासोबत त्वचेचा व कापडाचा पोतही घासला जातो. तुम्हाला दिसणाऱ्या खराबीत त्या घासण्याचाही वाटा असणार. पुढच्या तालमीला कॅमेरा रॉवर ठेवा आणि त्या फाइली संगणकावर आजच्या एखाद्या चांगल्या नॉइज रिडक्शनमधून काढा. हललेले चित्र असे दुरुस्त होत नाही, दाणेदार चित्र बरेचसे होते. त्यानंतरही समूहनृत्याची चित्रे हव्या त्या आकारात छापण्याजोगी वाटली नाहीत, तर त्यांतली दोन-तीन इथे टाका. फुल फ्रेमने नेमका किती फरक पडेल ते त्यांवरूनच सांगता येईल.