मदत हवी आहे: ‘मूव्ह द नीडल’मधला काटा नेमका कशाचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझरांसाठी शनिवारी अर्ध्या तासाचं सत्र घ्यायचं आहे. विषय: मीटिंगमध्ये वापरून गुळगुळीत झालेले इंग्रजी शब्द मुळात आले कुठून. हे शब्द कानावर पडले की शॉपफ्लोअरवरची माणसं गप्प होतात, ते मला फार खटकतं. यातले कित्येक शब्द तर मोजमाप करणाऱ्यांचेच!

‘बेंचमार्क’ म्हणजे सर्व्हेवाल्यांनी उंची मोजायला दगडावर कोरलेली खूण. ‘बँडविड्थ’, म्हणजे लहरींच्या वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी, हा रेडिओ इंजिनिअरांचा. ‘डेडलाइन’ तर अंगावर येतो: अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनविलच्या तुरुंगात ती रेष ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत.

अडलंय ‘मूव्ह द नीडल’पाशी, म्हणजे नजरेत भरेल इतका फरक पाडणं. शब्दकोशांत अर्थ मिळाला, उगम नाही. कुणी प्रेशर गेजचा काटा म्हणतं, कुणी आवाजाच्या मीटरचा. पुरावा कुणीच देत नाही. सत्राला आयुष्यभर गेज वाचलेली माणसं असतील, त्यांना ऐकीव गोष्ट सांगणार नाही. संदर्भ इंग्रजीत असला तरी चालेल, फक्त फुकट वाचता यावा. जुन्या छापील वापराचा, वर्षासकट, एखादा दाखला कुणाला माहीत आहे का?