गोळी आट्यांना भिडवायची की मागे ठेवायची?

माळरान (टेक्सास):
सहा वर्षं झाली, ६.५ क्रीडमूर या रायफलीची काडतुसं मी घरीच भरतो. त्यातली पहिली चार वर्षं एकाच आकड्याच्या मागे गेली: गोळीची कड आणि नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा) यांच्यामधलं अंतर, म्हणजे जंप. १० थाऊ (१ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरून बसायचो. पण गरम वायूने आट्यांची सुरुवात झिजत जाते, मग पुन्हा मोजा, पुन्हा सीटिंग डाय (गोळी काडतुसात ठरावीक खोलीवर बसवणारं साधन) फिरवा. गेल्या वर्षी जंप सरळ ६० थाऊवर नेली आणि सीझनभर डायला हात लावला नाही. गट (लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांचा पसारा) आधीइतकेच लहान आले. शॉर्ट अ‍ॅक्शन कस्टम्सचे मार्क गॉर्डन यांनी लांब जंपच्या चाचण्या केल्या, २०२० मध्ये त्यांवर बरंच लिहूनही आलं. लांब जंपला थोडाफार फरक पडला तरी नेम फारसा हलत नाही, असा त्याचा रोख होता. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आट्यांचा पाठलाग हा वेळेचा आणि नळीच्या आयुष्याचा अपव्यय आहे.

हजार_यार्ड (ओहायो):
मी पूर्ण असहमत आहे. तुम्ही मॅगझिनमधून, घाईत, वेगवेगळ्या अंतरांवर मारता. मी एफ-क्लास (लांब पल्ल्याची नेमबाजी) खेळतो. १००० यार्डांवर लक्ष्याची सर्वांत आतली एक्स-रिंग ५ इंचांची असते, गोळ्या एकेक करून हाताने भरायच्या असतात, त्यामुळे मॅगझिनची लांबी आडवी येत नाही. माझी गोळी व्हीएलडी (हवेचा रोध कमी असलेली लांब, निमुळती गोळी), सीकंट ओजाइव्हची (ओजाइव्ह म्हणजे नाकाचा वक्र). तिच्या नाकाचा वक्र अंगाला कोन करून मिळतो, म्हणून आट्यांत शिरताना ती थोडीही तिरकी झाली तर स्वतःला सावरून घेत नाही. टँजंट ओजाइव्हचा वक्र अंगात अलगद मिसळतो, ती गोळी बरंच सोसते. तुमचा निष्कर्ष तुमच्या गोळीपुरता खरा आहे. तो सगळ्यांवर लादू नका.

आणि व्हीएलडीसाठी कुठून सुरुवात करायची याची चांगली रीत आहे: १० थाऊ आट्यांत दाबून, मग ४०, ८०, १२० थाऊ मागे. माझ्या रायफलीत दाबलेली जिंकली.

माळरान:
"जिंकली" म्हणजे किती गोळ्यांत? एकच लोड (तीच गोळी, तेवढीच दारू), काहीही न बदलता, मी ३-३ गोळ्यांचे १० गट मारले. सर्वांत लहान ०.४ मिनिटांचा (कोनाची मिनिटं; १०० यार्डांवर १ मिनिट म्हणजे साधारण १ इंच), सर्वांत मोठा १.१. एकाच काडतुसाचे! अशा वेळी गोळी बसवण्याच्या प्रत्येक खोलीला एकेक गट मारून विजेता ठरवला तर आपण नशिबालाच बक्षीस देतो.

हजार_यार्ड:
हा मुद्दा मान्य. मी प्रत्येक खोलीला १०-१० मारतो, शिवाय दोन वेगळ्या दिवशी. त्यात नळीची झीज होते हेही खरं. पण म्हणून खोलीने काहीच फरक पडत नाही असं होत नाही.

पुंगळी (मिनेसोटा):
तुम्ही दोघे नेमाचंच बोलताय, मला दाबाची काळजी आहे. मी हरणाच्या शिकारीला .३०८ वापरते. गोळी आट्यांना टेकली की सुरुवातीचा प्रतिकार वाढतो आणि दाब वर जातो, म्हणून दाबून बसवायची तर दारू कमी करून नव्याने वर यावं लागतं. उलट गोळी खूप खोल बसवली की पुंगळीतली (काडतुसाच्या कवचातली) जागा घटते, तोही दाबच वाढवतो. पुस्तकातला दारूचा आकडा त्या पानावर दिलेल्या गोळीचा आणि लांबीचा असतो. नवशिक्या माणसाने धागा वाचून खोली बदलली आणि दारू तीच ठेवली, तर काय?

दुसरं सांगते. एकदा संध्याकाळी गोळी न झाडता काडतूस बाहेर काढायला गेले, तर पुंगळी आली आणि गोळी आट्यांत अडकून राहिली. सगळी दारू बोल्टमध्ये सांडली. त्या दिवसापासून शिकारीच्या रायफलीत मी गोळी आट्यांपासून किमान ३० थाऊ मागेच ठेवते, आणि लांबी २.८०० इंचांच्या आत, म्हणजे मॅगझिनलाही बसते.

हजार_यार्ड:
ताई, शिकारीसाठी तुमचंच बरोबर. रेंज थंड झाली (गोळीबार थांबवायला सांगितलं) की आम्हीही दाबलेलं काडतूस झाडल्याशिवाय बाहेर काढायला धजत नाही.

नवा_भरणारा (पुणे):
एक शंका. एकाच खोक्यातल्या गोळ्यांची लांबी टोकापर्यंत मोजली तर ८-१० थाऊंचा फरक येतो, असं अमेरिकेतला मित्र म्हणाला. मग १० थाऊ जंप जपायची कशी? (इथे भारतात विनापरवाना काडतूस भरणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, म्हणून मी फक्त वाचतोय.)

माळरान:
टोकापर्यंत मोजूच नका. होलो पॉइंटचं (टोकाला पोकळी असलेल्या गोळीचं) टोक कधीच एकसारखं नसतं. कंपॅरेटर (मापकाला लावायचा जोड) लावून पुंगळीच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजायचं, आट्यांना भिडतो तोच भाग. हे मात्र हजार_यार्ड आणि मी दोघेही रोज करतो.

हजार_यार्ड:
करतो. आणि रोज करतो म्हणूनच म्हणतो, डायला सीझनभर हात न लावणं मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात हायब्रिड (टँजंट आणि सीकंट वक्र जोडलेली) गोळी ६० थाऊवर लावून १० गोळ्यांचे दोन गट मारतो. लक्ष्यपत्रांचे फोटो इथेच टाकेन, जसे येतील तसे.