खुर्चीने पाठ चेपली म्हणून मालीशवाले मोडीत?

खडूस गिरगावकर
काल इथे एका सदस्याने लिहिलं की मॉलमधल्या मसाज खुर्चीत वीस मिनिटं बसलो, पाठ मोकळी झाली, आता अमेरिकेतले रोबोट इकडे आले की मालीशवाले घरी बसतील, "आणि बसावेच, तेलकट प्रकार एकदाचा संपेल." तिथेच दोन ओळी खरडणार होतो, आवरलं नाही, म्हणून वेगळा धागा.

त्या खुर्चीत मीही बसलोय. माझी उंची पाच फूट दोन. खांद्यावर यायचे ते गोळे कानामागे आले. पोटऱ्या अशा आवळल्या की उठता येईना, आणि पैसे क्यूआर कोडवर आधीच गेलेले. "जरा खाली घे" हे सांगायचं कुणाला?

आमच्या चौपाटीवर संध्याकाळी तेलाच्या बाटल्या किणकिणत येतात. तो बिहारकडचा माणूस मानेवर दोन बोटं ठेवतो आणि विचारतो, "रात को किस करवट सोते हो?" म्हटलं, डाव्या. "तभी." हे "तभी" कुठल्या सेन्सरमध्ये बसवणार? याच चंपीच्या जोरावर पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमदने इंग्लंडातल्या ब्रायटनमध्ये दुकान थाटलं, तिथल्या राजापर्यंत, चौथ्या जॉर्जपर्यंत पोचला. शांपू हा शब्दही चंपीचाच. आणि तुम्हाला तेलकट वाटतं!

लोकलग्रस्त
ती पोस्ट माझीच. "तेलकट" लागलं असेल तर मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही.

काका, खुर्ची आणि रोबोट यांची खिचडी करू नका. ओसाकात १९५४ पासून खुर्च्या बनतायत, गोळे ठरलेल्या वाटेने फिरतात, संपलं. न्यूयॉर्कच्या एस्केप कंपनीच्या मालीश-रोबोटखाली पालथं झोपायचं, इन्फ्रारेडने शरीराचा नकाशा घेतला जातो, दोन यांत्रिक हात त्याबरहुकूम चालतात, दाब आपणच पडद्यावर कमीजास्त करायचा. पाच फूट दोनवाल्यांचीही सोय आहे. मी रोज विरार गाडीत एका हाताने लटकतो. मला करवट विचारणारा नको, गाठ सोडवणारा हवा.

तिरफळ
"तभी" वाचून गहिवरलेच. आता जरा बायकांचं ऐका. वाढदिवसाला ऑफिसातल्या मैत्रिणींनी एका स्पाचं व्हाउचर दिलं. फोनवर दोनदा विचारलं, बाईच असेल ना? हो म्हणाले. आत गेले तर पुरुष. "मॅडम, आज त्या सुट्टीवर आहेत, पण सगळे प्रोफेशनल आहेत." भिडस्तपणाने नाही म्हणता आलं नाही. पन्नास मिनिटं मुठी आवळून पडले होते, पाठ गेले तेव्हापेक्षा जास्त आखडली. त्या यंत्रावर कपडे घालून झोपायचं असतं, आणि यंत्राला नजर नसते. दादरला आलं तर रांगेत पहिली मी.

खडूस गिरगावकर
त्या स्पावाल्याला सोडू नका असंच म्हणेन. पण नजर नसते कशी? नकाशा काढतंय ना ते? तो जातो कुठे?

बंद पंखा
तिरफळ यांना +१. पण मला सांगा, बाळंतिणीला रोबोट चालणार आहे का? डोंबिवलीत मालीशवाली मिळता मिळत नाही. आमच्याकडे यायची ती सव्वा महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन पंधराव्या दिवशी गावी गेली. बाळ, बाळंतीण, शेक, धुरी, सगळं अर्धवट.

शेंगदाण्याची चटणी
गेली ते बरं झालं! आमच्या पुतण्याचं नाक "सरळ" करायला रोज चिमटीत धरायची, वर नाकपुडीत तेलाचे थेंब. एक दिवस पोर असं ठसकलं की ओठ निळे झाले. बालरोगतज्ज्ञांनी घरातल्या सगळ्यांना उभं करून झापलं.

बंद पंखा
तुमची एक बाई वाईट म्हणून सगळ्या वाईट? १९८६ साली टिफनी फील्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अकाली जन्मलेल्या बाळांवर प्रयोग केला होता. दिवसातून तीनदा, १५ मिनिटं, १० दिवस मालीश. त्या बाळांचं वजन मालीश न झालेल्या बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं.

शेंगदाण्याची चटणी
त्यात नाकात तेल होतं का?

बंद पंखा
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

शेंगदाण्याची चटणी
म्हणजे नव्हतं.

खडूस गिरगावकर
धागा पाळण्यात गेला. परत आणतो. केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे, हळुवार स्पर्श टिपणारे मज्जातंतू असतात. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हळुवार फिरला आणि त्याला त्वचेइतकीच, साधारण ३२ अंशांची ऊब असली की ते सर्वात जास्त जागे होतात. निसर्गाने माणसाच्या हातासाठीच केलेली सोय आहे ही.

लोकलग्रस्त
वेग आणि तापमान? काका, यंत्राला याहून सोपं दुसरं काय असतं! आणि कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१५ चा आढावा बघा: कंबरदुखीवर मालीशचा फायदा थोड्या दिवसांपुरता, पुरावाही कच्चाच.

खडूस गिरगावकर
आंघोळीचा फायदाही दिवसापुरताच असतो, म्हणून सोडली का? (वेगाचं मान्य. नाइलाजाने.)

तिरफळ
आईला अर्धांगवायूनंतर मालीश करायला एक मावशी यायच्या. तेल कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघायच्या, मग आईच्या निर्जीव हाताला, "काय बाई, आज रुसलाय का हा?" त्या यायच्या आधी आई मला केस विंचरायला लावायची. तिथे मी यंत्र आणलं नसतं. पण मावशींना आम्ही निवडलं होतं. व्हाउचरवाल्याला नव्हतं.

लोकलग्रस्त
बरं. रविवारी येतो चौपाटीला. पैसे तुम्ही द्यायचे.

खडूस गिरगावकर
दिले. मग तसाच तेलकट विरार गाडीत चढ, लटकायला दांडी हातात राहते का बघू.

बंद पंखा
अवांतर: डोंबिवली पूर्वेला येणारी कुणी मालीशवाली माहीत असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा. वहिनीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. नाकात तेल न घालणारी असली तर उत्तम.