ऊत की ऊती? (आणि ओघाने पेशी, स्नायू, शीर)

विचारणा : कोपरी, ठाणे पूर्व

लेक नववीत, मराठी माध्यमात. विज्ञानात ऊती म्हणजे मिळून एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह, इंग्रजीत टिश्यू. चाचणीत प्रश्न होता, 'त्वचेचा वरचा थर बनवणाऱ्या एका ऊतीचे नाव लिहा.' तिने लिहिलं, 'अभिस्तर ऊत'. बाईंनी 'ऊत'भोवती लाल गोल काढून अर्धा गुण कापला. लेकीचं म्हणणं, भिंत-भिंती, विहीर-विहिरी, तसं ऊत-ऊती. मला काही उत्तर सुचेना. सासूबाई म्हणाल्या, ऊत शिळ्या कढीला येतो, अंगाला नाही. यावर दोन दिवस घरात हसू चालू आहे, पण प्रश्न तसाच आहे. हा शब्द एकवचनी कसा? आणि मुळात आला कुठून?

नौपाडा

परीक्षेपुरत्या बाई बरोबर आहेत. संस्कृत 'ऊति' मराठीत आला की शेवटची वेलांटी दीर्घ होते, गती-नीती-कृतीसारखी. एक ऊती, चार ऊती. समासात मात्र ऱ्हस्व : ऊतिसंवर्धन.

पण तुमच्या लेकीचा कान अस्सल मराठी आहे हो! रीति-रीत, जाति-जात, पद्धति-पद्धत, हे सगळे शब्द तिच्याच वाटेने घडलेत. शिवाय प्रश्नातच फसगत आहे. 'एका भिंतीचे' म्हटलं की मूळ शब्द भिंत, मग 'एका ऊतीचे'चा मूळ शब्द काय समजायचा पोरीने? ऊती आणखी दोनशे वर्षं बोलण्यात राहिली असती तर 'ऊत' झालीही असती. तेवढी कढी मध्ये आली असती.

मूळ धातू 'वे', म्हणजे विणणे. ओतप्रोत त्यातूनच : उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेलं. वेदांतली 'ऊति' वेगळी, ती 'अव्'पासून, रक्षण या अर्थाची. तिचा इथे संबंध नाही.

घणसोली

सरळ टिश्यू म्हणा. कोण बोलतं ऊती?

राम मारुती रोडजवळून

टिश्यू म्हणा की, पण टिश्यू म्हणजे तरी काय? आमच्या रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात जाऊन 'टिश्यू दाखवा' म्हणा. जरीचे आडवे धागे विणलेली झिरझिरीत साडी पुढ्यात येईल. फ्रेंच 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड. नाक पुसायचा कागद खूप नंतरचा. शरीराच्या बाबतीत हा शब्द रुजवला झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. त्याने सूक्ष्मदर्शकाला हात न लावता, नुसती प्रेतं फाडून, भिजवून, शिजवून २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या काढल्या आणि १८०२ मध्ये अवघ्या तिशीत गेला. आज आपण मुख्य प्रकार चारच मानतो. ऊतींच्या शास्त्राला हिस्टॉलॉजी म्हणतात, त्यातला ग्रीक 'हिस्तोस' म्हणजे माग. यंत्रमागांची भिवंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याला हा शब्द परका वाटायला नको.

मला तर 'अभिस्तर'मध्येही अस्तर ऐकू येतं. अस्तर मराठीत आलं फारसीतून. पण काम तेच. तोंड, अन्ननलिका, रक्तवाहिन्या यांना आतून लावलेलं अस्तर म्हणजे अभिस्तर ऊतीच. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून नुसती वरची साल खरचटली तर रक्त येत नाही.

वाशी (फिजिओथेरपी करते)

ऊतीवरून कोणी घाबरत नाही, पेशीवरून घाबरतात. आमच्याकडे हिंदी पत्रकं असतात. त्यात 'मांसपेशियों में सूजन' वाचून एका आजोबांनी विचारलं, 'पांढऱ्या पेशी वाढल्यात का माझ्या?' हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपण पेशी म्हणतो तिला हिंदीत कोशिका. आपला मराठी विश्वकोशसुद्धा कोशिका आणि ऊतक लिहितो, शाळेची पुस्तकं पेशी आणि ऊती. खरं तर इथे हिंदी जुन्या अर्थाला धरून आहे. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी मोजल्यात, त्या स्नायूच. आणि ९०० स्नायू मोजलेत, ते मात्र हाडं-सांधे बांधणारे पट्टे आणि दोऱ्या. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह. एक शब्द, तीन ठिकाणी तीन ऊती!

बोलीत आणखी मजा. सलाईन लावताना 'शीर सापडत नाही', ती रक्तवाहिनी. 'मानेतली शीर आखडली', तो स्नायू. 'कमरेत शीर दबली', ती चेता, म्हणजे मज्जातंतू. 'शिरेवर शीर चढली' म्हणत लंगडत येतात त्यांच्या पोटरीत गोळा आलेला असतो. मी कोणाला सुधारत नाही. बोट कुठे ठेवतात ते बघते.

आणि रक्तवाहिनी म्हणजे एक ऊती नव्हे. तिच्या भिंतीत आतून अभिस्तर, मध्ये आपल्या मर्जीने न चालणारे स्नायू, बाहेरून संयोजी, म्हणजे जोडणारी आणि आधार देणारी ऊती. इंद्रिय म्हटलं की दोन-तीन प्रकार एकत्र आलेच.

कळवा

आयुर्वेदातले सात धातू म्हणजेच ऊती ना? रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र?

नौपाडा

नाही जुळत. रक्त, मेद आणि अस्थी हे तीन वेगळे धातू, पण आजच्या वर्गीकरणात तिघे एकाच घरचे, संयोजी ऊती. हाड दगडासारखं आणि रक्त पातळ, तरी कुटुंब एक, कारण दोन्हीत पेशी विखुरलेल्या आणि मधली जागा भरणारा पदार्थ भरपूर. हाडात तो कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेला, रक्तात तो प्लाझ्मा. उलट अभिस्तरासाठी सातांत वेगळा धातूच नाही. आणि मज्जा म्हणजे हाडातला मगज, पण मराठीत मज्जासंस्था म्हटलं की मेंदू आणि नसा. पाठ्यपुस्तकाने 'चेता ऊती' हा शब्द घेतला ते बरं केलं.

खारघर

माझ्या बहिणीच्या वेळी डॉक्टर 'टिश्यू घ्यावा लागेल' म्हणाले आणि घरात कोणाला काही कळलं नाही. नर्स म्हणाली, 'गाठीचा छोटा तुकडा तपासायला पाठवणार', तेव्हा कळलं. रिपोर्टवर 'कार्सिनोमा' असेल तर सुरुवात अभिस्तरात आणि 'सार्कोमा' असेल तर हाड, चरबी, स्नायू अशांत, हे नंतर समजलं. ऊती पुस्तकात राहू द्या. दवाखान्यात तुकडाच म्हणा.

कोपरी, ठाणे पूर्व

सगळ्यांचे आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. जाति-जात ऐकून ती बाईंकडे अर्धा गुण मागायला निघाली आहे.

नौपाडा

जाऊ द्या तिला. फक्त एवढं सांगा, एकवचनात 'ऊतीचा' आणि अनेकवचनात 'ऊतींचे प्रकार'. तो अनुस्वार विसरली तर अर्धा गुण मीही कापेन.