मदत हवी आहे: संविधान शिकवायला ताजी उदाहरणं, पण वर्गात भांडण लागू नये अशी

तासिकावाली:
नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. यंदा बी.ए.च्या मुलांचा संविधानाचा पेपर माझ्याकडे आलाय. गोलकनाथ, केशवानंद भारती, मिनर्व्हा मिल्स ही घटनादुरुस्तीवरच्या गाजलेल्या खटल्यांची नावं फळ्यावर लिहिली की पोरं निमूट उतरवून घेतात. तास संपला की हीच पोरं टपरीवर राज्यपाल, कोर्ट, आरक्षण यांवर तावातावानं बोलतात. म्हणजे विषयाची आवड आहे, फळ्यावरच्या विषयाची नाही.

अडचण अशी की सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे मराठा आरक्षण, आणि ते काढायचीच भीती वाटते. काही मुलांच्या घरी कुणबी नोंदी शोधणं चालू आहे, काहींच्या घरी त्याच नोंदींवर आक्षेप आहे. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा) शासन निर्णय निघाला, त्या आठवड्यात कोण कोणाच्या बाकावर बसतं तेसुद्धा बदललं होतं.

तर आपल्या भागातल्या अशा घडामोडी सुचवा की ज्यांना थेट अनुच्छेद लावून दाखवता येईल. आणि आरक्षणाचं प्रकरण कसं घ्यावं, की मुळात घेऊच नये, तेही सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, बघून झाल्यात.

दुधनाकाठ:
मॅडम, आरक्षणाला हातच लावू नका. पोर्शन संपवा, मोकळ्या व्हा. पेपर तपासणारा काही ताज्या घडामोडी विचारत नाही.

गोदातीर:
दुधनाकाठ, असं म्हणूनच मुलं गाईड पाठ करून पास होतात.

मॅडम, प्रशासक घ्या. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ पावणेसहा वर्षं एकही नगरसेवक नाही, सगळा कारभार सरकारी प्रशासकाकडे. आता अनुच्छेद 243-यू वाचायला द्या: पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना हे घडलं कसं? आधी कोविड. मग 4 मार्च 2021 चा विकास गवळी निकाल, त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी सांगितली: समर्पित आयोगानं माहिती गोळा करायची, त्यावरून संस्थानिहाय प्रमाण ठरवायचं, आणि सगळं मिळून 50 टक्क्यांच्या वर जायचं नाही. मग त्या चाचणीसाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचनेची भांडणं, सर्वोच्च न्यायालयाचा 'जैसे थे' आदेश. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयानंच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यातही त्या झाल्या नाहीत.

मुलांना घरून त्या काळातली नगरपालिकेची एखादी नोटीस आणायला सांगा. खाली सही कोणाची ते बघायचं: 'मुख्याधिकारी तथा प्रशासक'. महापालिका असेल तर 'आयुक्त तथा प्रशासक'. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणाराही तोच. माझ्या वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, मग घरपट्टी वाढली तर भांडायचं कुणाशी?" पंचायती-नगरपालिकांना घटनेत जागा देणारी त्र्याहत्तरावी-चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती कशासाठी केली, हे सांगायला याहून चांगली सुरुवात मला तरी सापडलेली नाही.

खंडपीठवाला:
वकील आहे, बराच काळ संभाजीनगरला प्रॅक्टिस. गोदातीर सरांचं उदाहरण चोख. आमच्या घरचं एक देतो. मराठवाड्याच्या पक्षकाराला एकेकाळी हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची. 1981 मध्ये राज्य पुनर्रचना कायदा 1956 च्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्तींनी औरंगाबादला हायकोर्ट बसायची सोय केली. त्याला आव्हान गेलं, आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सोय कायम ठेवली. तेच कलम वापरून 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. ताजी बातमी आणि आपला इतिहास एका कलमात.

आरक्षणाबद्दल दुधनाकाठ यांच्याशी सहमत नाही. घ्या, पण 'कोणाला द्यायचं' हा प्रश्न वर्गाबाहेर ठेवा. वर्गात फक्त 'हे ठरवणार कोण' एवढंच. ऑगस्ट 2018 मध्ये 102 वी घटनादुरुस्ती लागू झाली, अनुच्छेद 342-ए आला: मागास वर्गांची यादी राष्ट्रपतींनी जाहीर करायची. त्याच वर्षी राज्यानं मराठा आरक्षणाचा कायदा केला. प्रश्न पडला, की मागास वर्ग ठरवायचा अधिकार आता राज्याकडे उरला का? 2019 मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, उरला. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाचं पाच जणांचं पीठ म्हणालं, नाही उरला, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. ऑगस्ट 2021 मध्ये संसदेनं 105 वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला, विरोधात एकही मत न पडता. म्हणून तर फेब्रुवारी 2024 चा 10 टक्क्यांचा कायदा राज्याला करता आला. (50 टक्क्यांची मर्यादा हा वेगळा मुद्दा, इंद्रा साहनी निकाल, 1992. तो दुसऱ्या तासाला.)

यात कुठल्याही जातीची बाजू घ्यावी लागत नाही. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, संसद, विधानसभा, चौघांनी एकमेकांना कसं उत्तर दिलं ते दिसतं. सत्ताविभाजन म्हणजे दुसरं काय असतं?

तासिकावाली:
हे पटलं. पण पोरं शेवटी विचारणारच, "मॅडम, तुमचं मत काय?"

खंडपीठवाला:
त्यांनाच कामाला लावा. ज्याला आरक्षण टिकावंसं वाटतं त्याला 5 मे 2021 च्या निकालातल्या बहुमताच्या बाजूनं बोलायला लावायचं, ज्याला नको त्याला अल्पमताच्या. उलटी वकिली. आमच्याकडे ज्युनिअरला हेच करायला लावतात. निम्मा आवाज तिथंच खाली येतो, कारण निकाल वाचल्याशिवाय बोलता येत नाही.

पूर्णामाय:
परभणीची आहे. आमच्याकडचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. डिसेंबर 2024 मध्ये इथं संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दंगल झाली, धरपकड झाली, आणि कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही तो आदेश टिकला. अनुच्छेद 21 आणि 22 (जीवित-स्वातंत्र्य आणि अटक झालेल्याचे हक्क) शिकवताना हे टाळून कसं चालेल? फक्त मॅडम, अफवा आणि फॉरवर्ड बाजूला ठेवून नुसता आदेश वाचून दाखवा. वर्गात त्या घराच्या ओळखीचं कुणी असू शकतं, तेवढं भान असू द्या.

गोदातीर:
पूर्णामाय, बरोबर.

राज्यपालांसाठी दोनच गोष्टी पुरे. 11 मे 2023 चा शिवसेनेचा निकाल: बहुमत चाचणी बोलावणं चूक, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. आणि विधेयकं अडवण्याबद्दल 8 एप्रिल 2025 चा तामिळनाडूचा निकाल, त्यापुढं 20 नोव्हेंबर 2025 चं राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवरचं सर्वोच्च न्यायालयाचं मत. निकालात घालून दिलेली कालमर्यादा मतात टिकली नाही. का, ते मुलांनी शोधायचं. वेळ उरला तर अनुच्छेद 371(2), म्हणजे विकास मंडळांची तरतूद: मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. अनुशेषावर निबंध लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना ते मंडळ आता नाही हे माहीतच नसतं.

तासिकावाली:
सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यात प्रशासकापासून सुरू करते, नोटिसा आणायला सांगितल्यात. 342-ए दिवाळीनंतर, उलट्या वकिलीसकट. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद असतात, त्यात 5 मे 2021 चा कुणाला दिसला तर इथं सांगा. पोरांना इंग्रजीतली शेकडो पानं दिली तर माझा वर्ग परत टपरीवर जाईल.