मदत हवी आहे: कंसाबाहेर वजा आला की चिन्ह चुकतं

मुलगी सातवीत आहे. एकचल समीकरणं सोडवताना तिची एकच चूक पुन्हा पुन्हा होते. उदाहरण असं:

३(क्ष − २) − २(क्ष − ५) = ९

दुसरा कंस सोडवताना ती −२क्ष − १० लिहिते, म्हणून क्ष = २५ येतं. ताळा केला तर डावी बाजू २९ होते. म्हणजे उत्तर चुकलंय हे तिला कळतं (ताळ्याची सवय मात्र चांगली लागली आहे), पण कुठे चुकलं ते सापडत नाही. बरोबर उत्तर ५ हे मला माहीत आहे, त्यामुळे गणित सोडवून नकोय.

'वजा गुणिले वजा अधिक' तिला पाठ आहे आणि सुटं (−२) × (−५) विचारलं तर लगेच १० सांगते. २० − २(८ − ५) हे आकड्यांचं उदाहरणही दोन्ही रीतींनी करून पाहिलं, १४ येतात हे पटलं. क्ष आला की पुन्हा तेच! मला वाटतं, कंसाआधीचा वजा त्या २ चाच आहे आणि तो आतल्या दोन्ही पदांना लागतो, हे तिला दिसतच नाही.

नियम आणखी घोकून घ्यायचा नाहीये. वजाबाकीतून वजाबाकी केली की बेरीज का होते, हे क्ष असतानाही तिला दिसेल असं कसं समजावून सांगू?