कुल्वारला मराठीत काय म्हणायचं, नाळ की घळ?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
माझा भाचा फ्रान्समध्ये शिकायला आहे, एप्रिलात आल्प्समध्ये स्कीइंगला जातो आणि व्हिडिओ पाठवतो. दोन काळ्या कड्यांच्या मधून बर्फाचा उभा पट्टा सरळ खाली आलाय, रुंदी आमच्या गल्लीएवढी, उतार 45 अंशांचा, आणि हा त्यातनं उड्या मारत वळणं घेत उतरतो. तिकडं त्याला कुल्वार म्हणतात. आईनं विचारलं, कशातनं उतरालाय तो? मी दरी म्हटलं खरं ते बरोबर वाटत नाही, दरी म्हणजे खालचं सगळंच आलं की. नेमका शब्द कुणाकडं असला तर सांगा की ओ.

उत्तर (खानापूर)
नाळ. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे, बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सगळीकडं हाच आकार, दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून उभी अरुंद वाट. कुल्वार हा फ्रेंच शब्द पण 'वाहणे' या अर्थाच्या क्रियापदावरनं आलाय, आणि नाळेचं कामच ते, वरनं जे सुटेल ते सगळं तिच्यातनंच खाली येणार, इथं पावसाळ्यात पाणी आणि दगड, तिकडं बर्फ आणि दगड. सिल्व्हाँ सोदाँ या स्विस स्कीपटूनं 1967 साली फ्रान्समधल्या शामोनीचा स्पेन्सर कुल्वार स्कीवरनं उतरला, तीही नाळच.
आणि एक, 'घसरत आला' कृपा करून लिहू नका. मराठीत घसरला म्हणजे तोल गेला. नाळ उतरला म्हणा.

उत्तर (निपाणी)
मला घळ बरा वाटतो. नाळ म्हटलं की पहिल्यांदा बाळाची नाळ आठवते. डोंगरातल्या खोलगट जागेला कन्नडमधला कोळ्ळ पण आहे की, यल्लम्मनकोळ्ळ, शबरीकोळ्ळ आपल्याकडं सगळ्यांना माहीत.

उत्तर (खानापूर)
घळ पाण्यानं कापलेली, मातीतली पण असते, शिवथर घळ म्हटलं तर गुहाच डोळ्यासमोर येते. कोळ्ळात माणूस उतरून बसतो, पाणी असतं, देऊळ असतं. नाळेत बसायला जागा नाही, तिथं पाय सुटला की थेट तळाशी, हा धाक त्या शब्दात पाहिजे. बाळाच्या नाळेचं म्हणाल तर मागंपुढं डोंगर असला की कुणाचा गोंधळ होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
नाळ पटला. लिफ्ट नाही, राखण करणारं कुणी नाही असल्या ठिकाणी स्वतः चढून जायचं आणि उतरायचं, त्याला मी 'आडरानातलं स्कीइंग' लिहितोय.
आता बर्फाचा शब्द. वसंतातल्या बर्फाला इंग्रजीत कॉर्न म्हणतात, तो मका नव्हे, दाणा, म्हणून 'मक्याचा बर्फ' असं कुणी केलं तर चूक. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं बरेच दिवस झालं की बर्फाचे गोल दाणे होतात. पहाटे ते एकमेकाला चिकटून काचेसारखे कडक असतात, स्कीची धार लागत नाही, ऊन लागलं की वरचा थोडा थर सुटतो आणि तेवढाच वेळ उतरायचा. ती वेळ टळली की आतपर्यंत भिजतो, पाय रुततात, आणि ओला बर्फ सगळाच नाळेतनं खाली सुटू शकतो, कड्यातले दगडही उन्हानं सुटतात. रात्री ढग राहिले आणि बर्फ नीट गोठला नाही तर त्या दिवशी जायचंच नाही, असं भाचा सांगतो.
याला रवाळ म्हणावं असं माझं मत. तूप रवाळ, आपला कुंदा रवाळ, बोटाला दाणा लागतो खरं दाताखाली कडक नाही. भुसभुशीत नको, तो ताज्या बर्फाला राहू दे.

उत्तर (खानापूर)
रवाळ एकदम बरोबर. आमच्याकडं कणीदार पण म्हणतात, दोन्ही चालतील. पहाटेच्या त्या कडक थराला मात्र 'खडा' नको, 'थिजलेला' घ्या, तूप थिजतं तसा.

मूळ प्रश्नकर्ता
काल आईला सगळं समजावलं, थिजलेला, रवाळ, नाळ. आज सकाळी नवीन व्हिडिओ आला, तिनं तो बघायच्या आधीच विचारलं, "रात्री तिथं थंडी पडलेली काय रे?"